होमस्टेडिंग आणि ग्रामीण जगण्यावरचे पॉडकास्ट: कोणते ऐकावेत, कसे ऐकावेत

रानवाट

परसबाग, कोंबड्या, दोन-चार जनावरं, मधपेट्या, वर्षभराची साठवण, पावसाचं पाणी हा सगळा पसारा एकाच घराने सांभाळायचा तर शिकायला वेळ मिळतो तो हात कामात असतानाच. म्हणून या विषयात पॉडकास्ट फार उपयोगी पडतात. अडचण आहे निवडीची. इंग्रजीत होमस्टेडिंगच्या, म्हणजे अशा स्वावलंबी घर-शेतीच्या, नावाखाली भरमसाट कार्यक्रम आहेत आणि त्यातले बरेचसे गप्पांच्या पुढे जात नाहीत. तेव्हा इथे नुसती नावं नकोत. कार्यक्रमात नेमकं काय मिळतं, काय मिळत नाही आणि कोणता सल्ला जसाच्या तसा उचलला तर अंगाशी येतो, तेही लिहा.

माझी पहिली पसंती 'फार्मर टू फार्मर'. ख्रिस ब्लँचर्ड यांनी भाजीपाला पिकवणाऱ्यांच्या घेतलेल्या मुलाखती. ते स्वतः त्याच धंद्यातले, त्यामुळे प्रश्न अवजारं, मजुरी, काढणीनंतरची धुलाई-साठवण आणि नफा-तोटा यांवर येतात आणि पाहुण्याला मोघम उत्तर देऊन सुटता येत नाही. 2018 मध्ये ब्लँचर्ड गेले आणि मालिका थांबली, पण जुने भाग आजही तितकेच कामाचे आहेत.

दुसरा 'द जो गार्डनर शो'. यजमान जो लँपल. याचं बलस्थान म्हणजे प्रत्येक भागासोबतची सविस्तर लेखी टिपणं. कानाने ऐकलेलं प्रमाण डोळ्यांनी पडताळता येतं. या विषयात मी हीच मुख्य कसोटी मानते. पॉडकास्ट 'का' समजून घ्यायला उत्तम, 'किती' साठी मात्र लेखी आधार हवाच.

वाफसा

रानवाट, धागा चांगला काढलात. 'किती' बद्दल पूर्ण सहमत.

न नांगरता भाजीपाला करायचा असेल तर जेसी फ्रॉस्ट यांचा 'नो-टिल मार्केट गार्डन पॉडकास्ट' घ्या. फ्रॉस्ट केंटकीत स्वतः पिकवतात. वाफ्यावर किती जाड कंपोस्ट घालायचं, ताडपत्रीने तण कसं मारायचं, एक पीक काढल्यावर त्याच दिवशी दुसरं कसं लावायचं, अशा तपशिलात ते शिरतात. मातीचं रसायन आणि पिकांचं पोषण खोलात हवं असेल तर जॉन केंफ यांचा 'रिजनरेटिव्ह अ‍ॅग्रिकल्चर पॉडकास्ट', पण तो जड आहे. मातीपरीक्षणाचा अहवाल वाचता येत नसेल तर आधी ते शिका, मग तिकडे वळा.

आता जसाच्या तसा उचलू नये असा सल्ला. गवताचं जाड आच्छादन घाला, शेणखत भरपूर टाका, हे जवळजवळ प्रत्येक बागकाम पॉडकास्टवर ऐकू येतं. आच्छादन चांगलंच. धोका आहे तो त्या गवतावर आधी काय फवारलं होतं याचा. कुरणातल्या रुंद पानांच्या तणांसाठी वापरतात त्या अमिनोपायरॅलिडसारख्या तणनाशकांचा अंश गवतात टिकतो, जनावराच्या पोटातून जसाच्या तसा शेणात उतरतो आणि कंपोस्टातही लवकर मोडत नाही. टोमॅटो, घेवडा, वाटाणा ही पिकं त्याला फार संवेदनशील. शेंडे पिळवटतात, पानं वाटीसारखी वळतात, आणि लोक व्हायरस समजून रोपं उपटत बसतात.

तपासणी सोपी आहे. सहा कुंड्या घ्या. तिघांत संशयित खत आणि स्वच्छ माती निम्मी-निम्मी, तिघांत नुसती स्वच्छ माती. प्रत्येकीत घेवड्याचे तीन दाणे पेरा. खालचं पाणी एका कुंडीतून दुसरीत जाऊ नये म्हणून ताटल्या वेगळ्या ठेवा, नाहीतर सगळी चाचणी फुकट जाते. तीन-चार आठवडे थांबा. खरी पानं दोन्हीकडे सारखी आली तर खत वापरा. गवत तपासायचं असेल तर ते बारीक कापून एक-दोन दिवस पाण्यात भिजवा आणि तेच पाणी कुंड्यांना घाला.

नवी_पेरणी

वाचनखूण साठवली. एक प्रश्न: यातलं काहीच येत नसेल तर सुरुवात कुठून करावी? भागांची संख्या बघूनच घाबरायला होतं.

रानवाट

नवी_पेरणी, पहिल्या भागापासून सुरू करू नका. पुढच्या दोन-तीन महिन्यांत हाताने जे करायचंय तो एकच विषय धरा, शोधात तो शब्द टाका आणि तीन वेगवेगळ्या कार्यक्रमांतले त्यावरचे भाग ऐका. तिघे जिथे एकमत आहेत तो पाया. जिथे मतभेद आहेत तिथे बहुधा हवामान, माती किंवा शेताचा आकार वेगळा असतो, आणि नेमकं तेच समजून घ्यायचं असतं.

घर, स्वयंपाकघर आणि बाग एकत्र बघायचं असेल तर मेलिसा के. नॉरिस यांचा 'पायोनियरिंग टुडे' नवख्यांना सोपा जातो. जिल विंगर यांचा 'ओल्ड फॅशन्ड ऑन पर्पज' विचारांच्या अंगाने जास्त जातो. हे जगणं निवडावं का, किती पसारा मांडावा, दमछाक कशी टाळावी, यासाठी तो चांगला. कृती शिकायला नाही.

आणि यजमान काय विकतो तेही बघा. अभ्यासक्रम विकणं गैर नाही. पण उत्पन्न शेतातून येतं की शेताबद्दल बोलण्यातून, हे कळलं की 'हे अगदी सोपं आहे' या वाक्याचं वजन ठरवता येतं.

चिनीमाती

साठवणीच्या पदार्थांबद्दल ठासून लिहिते, कारण इथली चूक जिवावर बेतते.

'आमच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या असंच करतात, कोणाला काही झालं नाही' हे वाक्य पॉडकास्टवर आलं की तो भाग तिथेच बंद करावा. सामू (पीएच) 4.6 पेक्षा जास्त, म्हणजे आम्लता कमी असलेले पदार्थ, जसे घेवडा, मका, गाजर, मांस, मटणाचा रस्सा, हे नुसत्या उकळत्या पाण्यात बरण्या बुडवून सुरक्षित होत नाहीत. बोटुलिझम या जीवघेण्या अन्नविषबाधेच्या जिवाणूचे बीजाणू 100 अंशांना तग धरतात. बरणी हवाबंद झाली की आत ऑक्सिजन नाही, आम्ल नाही. त्यांना नेमकं तेच हवं असतं. वास, रंग, चव, कशावरूनही कळेलच असं नाही.

त्यासाठी प्रेशर कॅनर, म्हणजे बरण्या दाबाखाली तापवायचं मोठं भांडं, लागतो. समुद्रसपाटीला 10 पौंड दाबाखाली आत साधारण 116 अंश सेल्सिअस मिळतात. झाकण लावल्यावर 10 मिनिटं वाफ मोकळी सोडायची, मगच वजन ठेवायचं. हा टप्पा गाळला तर आत हवा कोंडते, काटा योग्य दाब दाखवतो, पण तापमान कमी राहतं. पाइंटच्या (सुमारे अर्धा लिटर) बरणीत घेवडा असेल तर 20 मिनिटं, क्वार्टच्या (सुमारे एक लिटर) बरणीत 25. काट्याच्या कॅनरला 2000 फूट उंचीपर्यंत 11 पौंड आणि पुढे दर 2000 फुटांना एक पौंड वाढवायचा. वजनाच्या कॅनरला 1000 फुटांपर्यंत 10 आणि त्यावर थेट 15. पॉडकास्टवरचा माणूस किती उंचीवर राहतो हे सहसा सांगत नाही, आणि घात तिथेच होतो.

भाजी शिजवायचा छोटा प्रेशर कुकर याला चालत नाही. तो लवकर तापतो, लवकर निवतो आणि तक्त्यातल्या वेळात गरम होण्याचा-निवण्याचा काळही धरलेला असतो. किमान चार क्वार्ट बरण्या उभ्या मावतील एवढं भांडं हवं.

टोमॅटो सीमेवरचा. काही जातींचा सामू 4.6 च्या वर जातो, म्हणून पाइंटला एक आणि क्वार्टला दोन मोठे चमचे बाटलीबंद लिंबूरस घालावा. ताज्या लिंबाचा नाही, कारण त्याची आम्लता फळागणिक बदलते.

'पँट्री चॅट' हा होमस्टेडिंग फॅमिलीचा कार्यक्रम साठवणीच्या नियोजनासाठी ऐकण्यासारखा आहे: काय वाळवावं, काय आंबवावं, काय नुसतं थंड जागी ठेवावं. पण वेळ आणि दाब मात्र जॉर्जिया विद्यापीठातल्या नॅशनल सेंटर फॉर होम फूड प्रिझर्व्हेशनच्या तक्त्यातूनच घ्या, मग सांगणारा कितीही अनुभवी असो.

वाफसा

+१. लसूण तेलात बुडवून बाहेर ठेवण्याचा 'सोपा उपाय' पण याच यादीत टाका.

चिनीमाती

अगदी. तोच जिवाणू, तीच कारणं. आंबवणं त्या मानाने सुरक्षित, मिठाचं प्रमाण वजनावर धरलं तर. कोबीला वजनाच्या 2 ते 2.5 टक्के, म्हणजे किलोला 20 ते 25 ग्रॅम. पॉडकास्टवर चमच्याने सांगतात ते सोडून द्या. जाड्या आणि बारीक मिठाच्या एका चमच्याच्या वजनात बराच फरक पडतो. वजनकाटा घ्या आणि कोबी कायम पाण्याखाली राहील असं दडपण ठेवा.

मोहोळ

मधमाश्यांसाठी दोन. 'टू बीज इन अ पॉडकास्ट' हा फ्लोरिडा विद्यापीठाच्या मधमाशी प्रयोगशाळेचा, जेमी एलिस आणि एमी वू यांचा. संशोधकांना बोलावतात आणि शेवटी श्रोत्यांच्या प्रश्नांना उत्तरं देतात. ती प्रश्नोत्तरं चुकवू नका, सगळ्यात कामाचा भाग तोच. दुसरा 'बीकीपिंग टुडे', जेफ ऑट आणि किम फ्लॉटम यांनी सुरू केलेला. याचा सूर पाळणाऱ्यांचा, पहिल्याचा सूर शास्त्रज्ञांचा. दोन्ही ऐकावेत.

या विषयात ऐकताना चाळणी एकच: यजमान व्हरोआ माइट (माश्यांवर जगणारा बारीक परजीवी) मोजायला सांगतो की नुसतं 'पेटी बघून कळतं' म्हणतो? बघून कळत नाही. बहुतेक माइट झाकलेल्या घरांत वाढत्या पिलांवर असतात आणि प्रौढ माशीवर दिसायला लागतात तोवर उशीर झालेला असतो.

मोजणी अशी. पिलावा (अंडी, अळ्या) असलेल्या फ्रेमवरच्या माश्या घ्यायच्या, त्याआधी राणी दुसऱ्या फ्रेमवर आहे याची डोळ्यांनी खात्री करायची. अर्धा कप माश्या, म्हणजे साधारण 300, अल्कोहोल असलेल्या बरणीत टाकायच्या. मिनिटभर हलवायचं, जाळीतून गाळायचं, खाली पडलेले माइट मोजायचे आणि तीनने भागायचं. आकडा शंभर माश्यांमागे 2 ते 3 वर गेला तर उपचाराची वेळ आली. पिठीसाखरेने माश्या मरत नाहीत म्हणून अनेकांना ती पद्धत बरी वाटते, पण हवा दमट असली की साखर गोळा होते आणि मोजणी कमी येते.

हे सगळं एपिस मेलिफेरा, म्हणजे युरोपीय मधमाशीबद्दल. एपिस सेराना, म्हणजे आशियाई मधमाशी, पाळत असाल तर हे उंबरठे तसेच लावू नका. व्हरोआ मूळचा सेरानाचाच परजीवी, आणि ती माशी त्याला बऱ्यापैकी आवरून धरते. इंग्रजी पॉडकास्टमध्ये माशी म्हटलं की मेलिफेराच गृहीत असते.

खुराडं

कोंबड्यांवरचे बरेच पॉडकास्ट जातींच्या कौतुकातच अडकतात. अंडी उबवण्यावर ऐकताना इन्क्युबेटर पंख्याचा की बिनपंख्याचा, हे आधी बघा. 37.5 अंश हा आकडा पंख्याच्या यंत्राचा. बिनपंख्याच्या यंत्रात वर गरम, खाली गार असे थर होतात, म्हणून अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून साधारण 38.5 ठेवावं लागतं. हा भेद न सांगता आकडा फेकला जातो आणि मग 'पिल्लं उशिरा निघाली, अशक्त निघाली' अशा तक्रारी येतात. 18 व्या दिवसापर्यंत अंडी दिवसातून किमान तीनदा, विषम संख्येने फिरवायची, म्हणजे रोज रात्री वेगळी बाजू वर राहते. शेवटचे तीन दिवस फिरवणं बंद, आर्द्रता 65 ते 70 टक्क्यांवर, आणि झाकण उघडायचं नाही.

तारकुंपण

चराईसाठी क्ले कॉनरी यांचा 'वर्किंग काउज'. गुरं पाळणाऱ्यांशी नीट, सविस्तर बोलतात आणि खर्चाचा विषय टाळत नाहीत.

सावधगिरी एका ठिकाणी. 'तीस दिवसांनी त्याच तुकड्यावर परत या' असं कुठे ऐकलंत तर ते सोडून द्या. विश्रांतीचे दिवस गवत ठरवतं, कॅलेंडर नाही. वाढ जोरात असताना वीस-पंचवीस दिवस पुरतात, कोरड्या काळात त्याच तुकड्याला दोन-तीन महिनेही लागतात. जनावर बाहेर काढायचं ते निम्मं पान शिल्लक असताना. शेळ्या-मेंढ्यांना तर गवत 10 सेंटीमीटरच्या खाली खाऊच देऊ नये; जंतांच्या बहुतेक अळ्या बुडाजवळच्या 5 ते 8 सेंटीमीटरमध्येच असतात. जंताचं औषध वारंवार पाजूनही शेळ्या खंगतात तेव्हा आधी गवताची उंची मोजावी. दुसरीकडे त्या औषधाला जंत सरावलेत का, हेही तपासावं लागतं.

पन्हळ

मोजमापांबद्दल कोणीच लिहिलं नाही. अर्धी गफलत तिथेच होते.

अमेरिकन गॅलन 3.785 लिटर, ब्रिटिश गॅलन 4.546. 'गॅलनला एक औंस' हे वाक्य अमेरिकन माणसाने म्हटलं तर लिटरला सुमारे 7.8 मिलि, ब्रिटिश माणसाने म्हटलं तर 6.25. फवारणीत हा फरक पानं करपवू शकतो. मातीच्या अहवालात कोणी पीपीएम (दहा लाखांत किती भाग) सांगतो, कोणी एकरी पौंड; वरच्या सहा-सात इंच मातीसाठी पीपीएमची दुप्पट म्हणजे एकरी पौंड. 'आठवड्याला एक इंच पाणी' म्हणजे चौरस मीटरला 25 लिटर, आणि तेही थंड-समशीतोष्ण हवेतल्या बागेचं प्रमाण. कडक उन्हाळ्यात ते पुरत नाही.

ठिबकावर ऐकताना दाब पीएसआयमध्ये (चौरस इंचावर किती पौंड) येतो. 1 पीएसआय म्हणजे पाण्याची सुमारे 70 सेंटीमीटर उंची. दोन मीटर उंच मचाणावरची टाकी जेमतेम 3 पीएसआय देते. दाबनियंत्रित ड्रिपरला साधारण 7 ते 15 लागतात, म्हणून अशा टाकीवर ते गळतात किंवा थेंबच सोडत नाहीत. तिथे साधे, दाबनियंत्रण नसलेले ड्रिपर, छोट्या ओळी आणि जाड मुख्य नळी. अमेरिकन कार्यक्रमांत बहुधा विहिरीचा पंप आणि दाबाची टाकी गृहीत धरलेली असते, म्हणून हा मुद्दा बोलण्यातच येत नाही.

पावसाच्या पाण्याचा हिशेब मात्र कुठेही सारखाच: एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर. पत्र्याच्या छपराला त्यातला 80 ते 90 टक्के हाती धरा.

नवी_पेरणी

सतत 'झोन सहा', 'झोन नऊ' असं म्हणतात. ते आपल्याला लावून बघायचं का?

वाफसा

त्याचा अर्थ लहान आहे. अमेरिकी कृषी खात्याचे 13 झोन म्हणजे हिवाळ्यातल्या सर्वांत थंड रात्रीच्या तापमानाची अनेक वर्षांची सरासरी, प्रत्येक झोन 10 अंश फॅरनहाइटचा. बहुवर्षायू झाड थंडीत मरेल का, एवढंच त्यातून कळतं. उन्हाळा किती कडक, पाऊस किती, दिवस किती मोठा, यातलं काहीच नाही. दोन जागा एकाच झोनमध्ये असून एकीत टोमॅटो उन्हाने फूल गाळतो आणि दुसरीत पिकायलाच ऊब पुरत नाही, असं होऊ शकतं.

कांद्याला तर झोनपेक्षा अक्षांश महत्त्वाचा. दीर्घ दिवसाच्या जातींना कांदा धरायला 14 ते 16 तासांचा दिवस लागतो, लघु दिवसाच्या जातींना 10 ते 12. विषुववृत्ताच्या बाजूला राहणाऱ्याने पॉडकास्टवर ऐकलेली दीर्घ दिवसाची जात लावली तर पात भरपूर, खाली काही नाही. दक्षिण गोलार्धातला कार्यक्रम असेल तर महिने सहाने सरकवून ऐका.

तारकुंपण

'द सर्व्हायव्हल पॉडकास्ट'चं नाव कोणी घेतलं नाही. जॅक स्पिर्को 2008 पासून करताहेत, भागांची संख्या हजारोंत आहे.

रानवाट

मुद्दाम टाळलं होतं, कारण त्यात अर्थकारण, राजकारण, आणीबाणीची तयारी असं बरंच काही असतं आणि नवखा माणूस वाहवत जातो. पण बदकं, पाणी अडवणं, झाडांची बहुस्तरीय लागवड या विषयांवरचे निवडक भाग चांगले आहेत, हे मान्य. पर्माकल्चर (निसर्गाच्या रचनेवर बेतलेली शेती) हवं असेल तर मी आधी स्कॉट मान यांचा 'द पर्माकल्चर पॉडकास्ट' सुचवेन. आणि बीबीसीचा 'गार्डनर्स क्वेश्चन टाइम' विसरू नका. 1947 पासून सुरू आहे. एकाच प्रश्नावर तीन तज्ज्ञ वेगवेगळी उत्तरं देतात, यातून जे शिकायला मिळतं ते एकट्या यजमानाकडून मिळत नाही.

पन्हळ

नेटवर्क तुटक असलेल्यांसाठी: अँड्रॉइडवर अँटेनापॉड घ्या. मोफत, मुक्तस्रोत, खातं उघडावं लागत नाही. सेटिंगमध्ये डाउनलोड फक्त वायफायवर ठेवा, ऐकून झालेला भाग आपोआप पुसला जाईल असं करा, आणि प्रत्येक कार्यक्रमाला सुरुवातीचे किती सेकंद वगळायचे ते वेगवेगळं ठरवा. 64 केबीपीएसचा तासाभराचा भाग सुमारे 29 एमबी, 128 चा 58. बोलण्यासाठी 64 पुरेसा, पण तो पर्याय निर्मात्याच्या हातात असतो. फोन बदलण्याआधी वर्गण्यांची यादी ओपीएमएल फाइलमध्ये काढून ठेवा, नाहीतर सगळी नावं पुन्हा शोधावी लागतात.

अवांतर: वेग 1.25 च्या वर नेऊ नका, निदान आकडे असलेल्या भागांत. पंधरा आणि पन्नास हे इंग्रजी आकडे वेगात सारखेच कानावर पडतात.

खुराडं

काम करताना ऐकण्याबद्दल दोन शब्द. चेनसॉ 105 ते 110 डेसिबलच्या आसपास असतो. 85 डेसिबलला आठ तास सुरक्षित धरतात आणि पुढे दर 3 डेसिबलला वेळ निम्मी होते, म्हणजे 100 ला अवघी 15 मिनिटं. त्या आवाजावर मात करायला इअरफोनचा आवाज वाढवणं म्हणजे कानाचं दुहेरी नुकसान. चेनसॉ, ट्रॅक्टर, गवतकापणी यंत्र चालू असताना काहीच ऐकू नये. यंत्राचा बदललेला सूर आणि मागून मारलेली हाक, दोन्ही ऐकू यायला हवं. वळू किंवा व्यायलेली गाय जवळ असेल तेव्हाही नको. निंदणी, धुणी, वर्गवारी, भाजी चिरणं या कामांना खुशाल ऐका, शक्यतो एका कानाने.

मोहोळ

पेटी उघडताना तर अजिबात नको. धूर दिल्यानंतर गुणगुणण्याचा सूर चढला की काम आवरतं घ्यायचं असतं, आणि तो कानानेच कळतो.

नवी_पेरणी

ऐकलेलं लक्षात कसं ठेवता? हात मातीत असतात.

चिनीमाती

आकडा आला की थांबवून फोनवर आवाजी टिपण करायचं: कार्यक्रमाचं नाव, किती मिनिटाला, आकडा, आणि तो कुठल्या परिस्थितीतला. संध्याकाळी वहीत उतरवताना त्यासमोर एक रिकामी चौकट ठेवायची. लेखी आधार सापडला की त्यात खूण. चौकट रिकामी असेपर्यंत तो आकडा वापरायचा नाही. आयफोनवर 2024 पासून ॲपलच्या पॉडकास्ट ॲपमध्ये बऱ्याच भागांचा लिखित मजकूर मिळतो. त्यात शब्द शोधता येतो, त्यामुळे नेमकं वाक्य परत काढणं सोपं जातं.